नव्वदरावांची बेवारस ठेव

नव्वदरावांच्या लॉन्ड्रीच्या पावतीमागे बारीक अक्षरात एकच नियम छापलेला होता: नव्वद दिवसांत कपडे न नेल्यास दुकान जबाबदार नाही. अशी ओळ सगळ्याच लॉन्ड्र्यांच्या पावतीवर असते, पण छापून झाल्यावर ते लोक ती विसरून जातात. नव्वदराव विसरत नसत. एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी शटर वर केलं की त्यांचं पहिलं काम म्हणजे तो कपडा पुढच्या दांडीवरून उतरवून पडद्यामागच्या दांडीवर नेऊन टांगणं. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव पाटीवर होतं, पण लॉन्ड्रीची पाटी वाचतो कोण.

घर दुकानाच्या वरच होतं, त्यामुळे मागच्या दांडीवरचे कपडे हळूहळू जिना चढून वर जात. नव्वदरावांची पँट एका बँडवाल्याची होती. तिला दोन्ही बाजूंना लाल पट्टी होती, ती बायकोने उसवली होती. शर्ट एका दातांच्या दवाखान्यातला, खिशावर पांढऱ्या रेशमाने विणलेली छोटीशी दाढ. ती काही उसवली गेली नाही. मुलगी कॉलेजात जायची ती ज्या शाळेचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं त्या शाळेच्या धावपटूंचं जॅकेट घालून. कोणी शर्यतीचा विषय काढला की ती म्हणायची, गुडघा दुखतोय.

"आपल्या घरात आपल्या मापाचे फक्त मोजे आहेत," बायको म्हणायची, "कारण मोजे कुणी लॉन्ड्रीत टाकत नाही."

यात चोरी आहे असं घरात कोणालाच वाटत नसे. उलट शिस्त होती. कपाटाच्या दाराला आतून शहराचा नकाशा चिकटवला होता आणि त्यावर रंगीत पेन्सिलीने भाग पाडले होते. टेकडीवरच्या लोकांचे कपडे बाजारात घालायचे, बाजारातल्यांचे स्टेशनकडे, स्टेशनकडच्यांचे टेकडीवर. मूळ मालक समोर येऊ नये म्हणून ही काळजी. अठरा वर्षांत एकदाही गडबड झाली नव्हती आणि नव्वदरावांना या नकाशाचा मनातून अभिमान होता.

एका रविवारी मुलगी जेवता जेवता मोबाइलवर काहीतरी खुडबुडत होती. बँकांनी बेवारस ठेवींची यादी लोकांसाठी खुली केली होती, आणि ती वेळ जात नाही म्हणून एकेका नातेवाइकाचं नाव टाकून बघत होती. मामा निघाले नाहीत. आत्या निघाली नाही. मग ती एकदम थांबली.

"बाबा, तुम्ही बेवारस आहात."

"जेवताना असं बोलू नये," बायको म्हणाली.

"अगं खरंच. हे बघ. नाव, आजोबांचं नाव, पत्ता गिरणीमागची दुसरी गल्ली."

नव्वदरावांचा घास हातातच राहिला. गिरणीमागची दुसरी गल्ली त्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी सोडली होती. त्या वेळी ते वीस वर्षांचे होते आणि लॉन्ड्रीवाले नव्हते, जादूगार होते. म्हणजे पोरांच्या वाढदिवसांना जाऊन टोपीतून ससा काढायचे. ससा शेजाऱ्यांचा होता. दीड वर्षात जमलेले सगळे पैसे त्यांनी मुदत ठेवीत टाकले, मग त्यांच्या मामांनी त्यांना लॉन्ड्रीत बसवलं, वडील गेले, घर बदललं, आणि ठेवीची पावती कुठल्या ट्रंकेत गेली ते त्या जादूगारालाही सांगता आलं नसतं.

"किती आहेत?" बायकोने विचारलं.

"ते नाही लिहिलेलं."

बायकोने खाली, दुकानाच्या दिशेने पाहिलं. खाली बॉयलर होता. दोन महिन्यांपासून तो पांढऱ्या शर्टांवर गंजाचे थेंब टाकत होता. स्टेशनजवळच्या हॉटेलने चादरी देणं बंद केलं होतं, आणि दुसऱ्या हॉटेलच्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं की महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. तेवढं एक गिऱ्हाईक गेलं की दुकान राहतं ते फक्त पाटीपुरतं. नव्या बॉयलरचा आकडा नव्वदरावांना पाठ होता. झोपेतही सांगितला असता, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे सांगायचेही.

मंगळवारी ते बँकेत निघाले. थंडी कडक होती. बायकोने कपाट उघडलं, नकाशा पाहिला.

"बँक बाजारात. म्हणजे टेकडीवरचं काहीतरी."

टेकडीवरचा एक निळा लोकरी कोट होता. पुरुषाचा, भारी कापडाचा, नव्वदरावांच्या अंगावर बसलेला जणू त्यांच्याच जन्माच्या वेळी शिवायला टाकलेला. फक्त बाह्या लांब होत्या, त्या त्यांनी गेल्या वर्षी दोन बोटं आत दुमडून शिवून घेतल्या होत्या. तो घालून ते आरशासमोर उभे राहिले. आरशात ठेव असलेला माणूस दिसत होता.

एक गोष्ट मात्र या कुटुंबाच्या लक्षात कधीच आली नव्हती. ते स्वतः दुकानावरच राहत. त्यामुळे जगात बरीच माणसं एका भागात राहतात आणि नोकरीला रोज दुसऱ्या भागात जातात, हे त्यांना सुचलं नव्हतं. नकाशात ती सोय नव्हती.

बेवारस ठेवींच्या टेबलाशी साठीला टेकलेल्या एक बाई बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात. समोर दोन खुर्च्या. एकीवर एक पेन्शनर आजोबा होते. त्यांचं काम झालं होतं, पण इथे हीटर होता.

बाईंनी कागद पाहिले. ओळखपत्र, जुन्या पत्त्याचा दाखला, मामांनी दिलेलं पत्र. मग संगणकावर एक जुनं कार्ड उघडलं आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या.

"सही करा."

नव्वदरावांनी केली.

"ही नाही. त्या वेळची."

बाईंनी संगणकाचा पडदा वळवून दाखवला. वीस वर्षांच्या जादूगाराची सही कार्डभर पसरली होती. पहिल्या अक्षरावर सशाचे दोन उभे कान होते आणि शेवटच्या अक्षराला शेपटीचा गोंडा.

"अहो, ते वय तसं होतं," नव्वदराव म्हणाले.

"असेल. पण जुळायला हवी."

नव्वदरावांनी सही केली. बाई म्हणाल्या, कान राहिले. त्यांनी कान काढले. बाई म्हणाल्या, उजवा कान वाकडा आहे, मूळ सहीत सरळ आहे. मागे रांगेत चार माणसं होती, ती आता पुढे सरकून बघत होती. आजोबांनी सुचवलं की आधी कान काढा आणि मग त्याखाली नाव लिहा, सोपं जाईल. शेहेचाळीस वर्षांचा, भारी कोट घातलेला माणूस भर बँकेत ससे काढत बसला होता. सातव्या सशाला बाई म्हणाल्या, "हा चालेल."

नव्वदरावांच्या कपाळावर घाम आला होता. आजच्या दिवसाची लाज एवढ्यावर संपली, असं त्यांना वाटलं.

"उशिराचं कारण?" बाईंनी पुढचा रकाना धरला.

"विसरलो." मग ते खुर्चीतून पुढे झुकले. "मॅडम, सव्वीस वर्षं झाली. पैसे बुडाले तर नाहीत ना? काही मुदतबिदत?"

"मुदत नाही. दहा वर्षं कोणी आलं नाही तर आम्ही ते बाजूला काढून ठेवतो. पण ज्याचं आहे त्याचंच राहतं. कोणी वापरत नाही. मालक आला की व्याजासकट द्यायचं."

"केवढी सचोटी आहे बघा," आजोबा म्हणाले.

"असंच पाहिजे," नव्वदरावांचा जीव भांड्यात पडला होता आणि त्यामुळे जीभ सैल सुटली. "नाहीतर हल्ली लोक दुसऱ्याचं दाबून बसतात आणि वर आपल्यालाच नियम दाखवतात."

"हो," बाई म्हणाल्या. "व्यवसाय?"

"लॉन्ड्री."

पेन थांबलं. "कुठली?"

"पाण्याच्या टाकीसमोरची. येत जा की कधी. बँकेच्या लोकांना दहा टक्के सूट देतो."

"आले होते," बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. संगणकाकडे नाही, नव्वदरावांकडे पाहिलं. म्हणजे तेही नाही. त्या कोटाकडे पाहत होत्या, खांद्यापासून सुरुवात करून खाली, बटणाबटणाने, पासबुक वाचावं तसं.

"बाह्या आखूड केल्यात," त्या म्हणाल्या.

"दोन बोटं," नव्वदराव म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"कॉलरच्या आत तुमच्या दुकानाचा नंबर असेल. चारशे सत्तावीस."

बघायची गरज नव्हती, तरी त्यांचा हात कॉलरकडे गेला. मार्किंगची पक्की शाई. त्यांनीच आणलेली, धुऊन जात नाही अशी.

आणि मग त्यांना सगळं आठवलं. कोट धुवायला देऊन साडेपाच महिने झाल्यावर एक बाई दुकानात आल्या होत्या. तेव्हा केस असे बांधलेले नव्हते. म्हणाल्या होत्या, यजमानांना उपचाराला बाहेरगावी नेलं होतं, तिकडेच ते गेले, उशीर झाला, कोट आहे का. नव्वदरावांनी पावती उलटी करून नियमावर बोट ठेवलं होतं. कोट तेव्हा त्यांच्यामागे, पडद्याच्या पलीकडे, चार हातांवर होता. पण आदल्याच आठवड्यात बाह्या दुमडून घेतल्या होत्या आणि त्या तशा कोणाला द्यायच्या याची त्यांना लाज वाटली. त्या छोट्या लाजेपायी त्यांनी सांगून टाकलं की कोट अनाथाश्रमाला दिला. बाई म्हणाल्या होत्या, "मग चांगलं केलंत. कुणाच्या तरी अंगावर ऊब राहील." आणि नव्वदरावांनी, त्यांना आता स्पष्ट आठवलं, नम्रपणे मान लववली होती. आभार स्वीकारले होते.

ते उभे राहिले आणि कोट काढू लागले. डावी बाही मनगटाशी अडकली. दुमडल्यामुळे तिथे जाड झाली होती. ओढताना खुर्ची पडली. कोट निघाला तेव्हा सगळ्या रांगेला खिशावरची दाढ दिसली.

"तुम्ही दातांचे डॉक्टरपण आहात?" आजोबांनी कौतुकाने विचारलं.

"मॅडम, हा घ्या," नव्वदराव म्हणाले. कोट त्यांनी टेबलावर ठेवला.

बाईंनी कोटाला हात लावला नाही. वरच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं. "उचला तो. उद्या कोणी म्हणेल, काम करून द्यायला बाईंनी कोट घेतला. माझ्या निवृत्तीला चार महिने आहेत."

"मग मी काय करू?"

"घाला. थंडी आहे."

"नको, मॅडम."

"घाला म्हणते ना."

नव्वदरावांनी तो पुन्हा घातला. काढताना जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट लागला. जाडजूड, उबदार कोट. आतून त्यांना हुडहुडी भरली होती.

बाईंनी शिक्का मारला, तारीख घातली, सशाच्या कानांखाली स्वतःची आखूड सही केली. चेहरा होता तसाच. त्यांनी फॉर्म अडवला असता, एखादा कागद कमी काढला असता, तर नव्वदरावांना निदान रागवायला जागा मिळाली असती. "पंधरा दिवसांत खात्यात जमा होतील," त्या म्हणाल्या. "पावती आहे माझ्याकडे अजून. मी दुकानात येईन, एखाद्या रविवारी."

"कुठल्या रविवारी?"

"सवड होईल त्या. पुढे कोण आहे?"

घरी बायको जिन्यातच उभी होती. "मिळणार?"

"मिळणार."

"मग तोंड का असं?"

नव्वदराव वर गेले, कोट काढला, शिवणाची डबी घेतली आणि ब्लेडने बाही उसवायला बसले. उसवता उसवता त्यांनी सांगितलं. मान वर न करता, टाक्याटाक्याला एक वाक्य, असं.

"मला तुम्ही म्हणाला होतात, त्या कोटाची बाई परत आलीच नाही," बायको शेवटी म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं."

"हो गं."

मुलगी दारात उभी होती. अंगातल्या जॅकेटची चेन ती खाली-वर करत होती. "तुम्ही तिच्या तोंडावर सांगितलं, बाबा? आणि तिने आभार मानले, तेही घेतलेत?"

नव्वदराव म्हणाले, "ब्लेड जरा बोथट आहे." याला उत्तर म्हणत नाहीत हे त्यांनाही कळत होतं. मुलगी निघून गेली.

बाह्या मोकळ्या झाल्या आणि मग ते दिसलं. दुमडीच्या आतलं दोन बोटं कापड होतं तसंच गर्द निळं राहिलं होतं. बाकीचा कोट त्याच्यापुढे फिका, राखाडीकडे झुकलेला. वर्षभर ते तो किती वेळा घालून, किती उन्हातून मिरवले, ते आता बाहीवर पट्टा मारून लिहिलेलं होतं.

त्यांनी कोट धुतला. वाफ दिली. व्हिनेगर लावून दाबला. दुमडीची रेघ थोडी मऊ झाली, पट्टा तसाच. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांवरून चहा, शाई, रक्त काढलेला माणूस. पण डाग काढता येतो, उडालेला रंग परत कुठून आणणार.

पैसे बाराव्या दिवशी आले. वाढदिवसांचे पैसे व्याजासकट इतके झाले होते की बायकोने आकडा दोनदा मोठ्याने वाचला. बॉयलर आला. हॉटेलच्या चादरी आल्या. दुकान वाचलं, यात शंका नव्हती. नव्या बॉयलरची पहिली वाफ नव्वदरावांनी त्या बाह्यांवर सोडली आणि पट्ट्याकडे आशेने पाहिलं. बायको म्हणाली, "पुरे आता. कापड मरेल."

पहिल्या रविवारी बाई आल्या नाहीत. दुसऱ्याही नाही. नव्वदराव रविवारी दुपारपर्यंतच दुकान उघडत, पण हल्ली संध्याकाळपर्यंत बसू लागले. कोट पुढच्या दांडीवर, सगळ्यात अलीकडे, पारदर्शक पिशवीत. दारात कोणीही बाईमाणूस आलं की त्यांचे कान तापत. एकदा तर शेजारच्या बेकरीवालीला त्यांनी उभं राहून नमस्कार केला. ती म्हणाली, "काय हो, बरं आहे ना? मी पडदे न्यायला आलेय."

तिसऱ्या रविवारी बाई आल्या. पुढे दोन गिऱ्हाइकं होती. नव्वदराव म्हणाले, "मॅडम, या ना, आधी तुमचं." बाई म्हणाल्या, "रांग आहे." त्या रांगेत उभ्या राहिल्या. नव्वदरावांनी त्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या चादरी दिल्या आणि परत मागून घेतल्या.

मग बाईंनी पर्समधून पावती काढली. चार घड्या पडलेली, घड्यांशी चिरत आलेली. काउंटरवर ती सरळ ठेवली, नियम असलेली बाजू खाली करून.

नव्वदरावांनी कोट काढून दिला. बाईंनी पिशवी तिथेच फाडली, बाही हातावर घेतली. गर्द पट्ट्यावर अंगठा ठेवला, एकदा या बाजूने, एकदा त्या.

"जात नाही ते," नव्वदराव म्हणाले. "सगळं करून पाहिलं."

"याचा रंग असा होता," बाई म्हणाल्या. त्या पट्ट्याविषयीच बोलत होत्या. "मी विसरले होते."

नव्वदरावांनी तीन आठवडे एक वाक्य तयार केलं होतं. चांगलं लांब वाक्य होतं, त्यात बाह्यांचा उल्लेख होता, अनाथाश्रमाचा होता, शेवटी माफी होती. बायकोला म्हणूनही दाखवलं होतं. आता ते तोंडाशी आलं आणि त्यातले मधले सगळे शब्द गळून पडले.

"मी खोटं बोललो होतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

बाईंनी कोटाची घडी घातली. पावतीवर धुण्याचा आकार लिहिला होता, साठ रुपये. त्यांनी पर्स चाचपली, एक नोट आणि एक नाणं काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"नको, मॅडम. हे नको. कृपा करून नको."

"का? धुतलाय ना तुम्ही?"

"धुतलाय, पण…"

"मग तुमचे आहेत. ज्याचं त्याला." बाई कोट हातावर टाकून दारापर्यंत गेल्या. तिथे वळून त्यांनी विचारलं, "ठेव जमा झाली का?"

"झाली."

"व्याजासकट?"

"हो."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या आवाजात टोमणा होता का, हे नव्वदरावांनी पुढे बऱ्याचदा आठवून पाहिलं. नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

ती नोट आणि ते नाणं काउंटरवर पडून राहिलं. नव्वदराव त्याच्या आजूबाजूने पावत्या फाडत होते, कपडे देत होते, घेत होते. बायकोने येऊन काउंटर पुसला, तेवढी जागा सोडून. दुपार उलटल्यावर एक जण शर्ट न्यायला आला. त्याने पैशांकडे पाहिलं, मग मागे वळून दाराकडे पाहिलं.

"अहो, हे कुणाचे राहिले?"

नव्वदराव शर्टाला कागद गुंडाळत होते. ते थांबले.

"माझे आहेत," ते म्हणाले.

"मग उचला की."